सातव्या माळेचा उपास

न्हाई न्हाई, पुढं येऊ नका, तिथंच बाजेवर बसा — कुत्रं बांधलेलं हाय पर दावं जुनं हाय त्याचं. आन आधीच सांगते, उज्ज्वला घरी न्हाई. कुठं गेली ते मला म्हाईत न्हाई, कवा येणार ते बी म्हाईत न्हाई. मी तिची आय, ताराबाई, आन मला काय बी इचारू नका, मला कशातलं काय कळत न्हाई. तुमी कोणच्या च्यानलचे? न्हाई? मंग ते खिशाला अडकवलेलं काय हाय? पेन? पेनात बी क्यामेरा असतोय आता, मला नका सांगू. मागं एक जण असाच आलता, पाणी द्या मावशी म्हणला, मी तांब्या आणाया आत गेले तर ह्यानं भाईर माझ्या मेंढराचं, पत्र्याचं, वाळत घातलेल्या लुगड्याचं शुटिंग काढलं, आन खाली काय लिवलं? — 'उडती तबकडी बघणारी हवाईसुंदरी राहते तरी कुठे?' हितं राहते! माझं फाटकं लुगडं साऱ्या जिल्ह्यानं बघितलं. ही पलीकडं राहती ती मंगल, ती मोबाईल घेऊन पळत आली मला दाखवाया, आन तोंडावर असं दुःख आणलं जसं माझंच कुणी गेलं. म्हणून म्हणते, पाणी पाहिजे तर त्या रांजणातलं तुमच्या हातानं घ्या. मी हितून हलत न्हाई.

कंपनीतून आलाव? विमानाच्या? हां. बरं. कंपनीतून — मला एक सांगा, कंपनीचा माणूस सोमवारी येणार हाय, उज्ज्वलाला तसा फोन आलाय, मी कानानं ऐकलाय. आज सोमवार हाय का? आज शनवार हाय. अलीकडचं काम उरकलं म्हणून आधीच आलाव? असंल बाबा. मी तरी कंपनीचा, सरकारचा, बँकेचा माणूस सांगितलेल्या दिवसाच्या आधी आलेला बघितला न्हाई. आन ते कार्ड नका दाखवू मला. कार्ड कुणी बी छापतंय, केजला ष्ट्यांडसमोर उभ्या उभ्या छापून देतेत. आमच्या गावात एकानं स्वतःला पत्रकार म्हणून छापून घेतलंय, त्याला सही करताना जीभ भाईर काढावी लागती. न्हाई, तुमी तसले दिसत न्हाई. बूट चांगले हायती. पर बुटावरून माणूस कळत असता तर काय पाहिजे होतं. गाव कोणचं तुमचं? पुणे? पुण्याचं कुणीच नसतंय ओ, तिथं सगळे राह्यला गेलेले असतेत. मूळचं कुठलं? — आजोळ गेवराईकडं? गेवराईकडं कुठं? — उमापूरच्या अलीकडं.

हं.

न्हाई, काय न्हाई. असंच. बसा की नीट, असं टोकाला कावून बसलाव, बाज काय मोडत न्हाई. ते कोकरू हाकला, पिशवीचा पट्टा चघळंल ते तुमच्या. आय मेलीय त्याची, म्हणून दिसंल त्याला चाटतंय. उमापूर लई मोठं गाव हाय. आमचं येणंजाणं हाय तिकडं. म्हणजे — येणंजाणं म्हणजे तसं न्हाई, आपली ओळखपाळख. अर्जुनराव म्हणून हायती तिथं, तुमी वळखत असाल. न्हाई वळखत? आजोळ तिथं आन अर्जुनराव वळखत न्हाई? बरं बरं. न्हाई वळखत. मी कुठं काय म्हणलं.

काय इचारलंत? तिची झोप? — तिच्या घरात, म्हणजे आमच्या घरात, कुणाला फिट बिट येती का? डोळ्याचा काय तरास? कोणची गोळी चालू हाय का? डोक्याचा काय, मनाचा काय इलाज कवा झालाय का?

आता मात्र हसू येयलंय मला. हसते त्याचा राग मानू नका पावणं. पावणंच म्हणते आता, साहेब काय म्हणायचं उगं. आवो, हे सवाल कंपनीचे असतेत व्हय? हे सवाल कोण इचारतंय ते काय मला कळत न्हाई? माझ्या तीन नणंदा ह्याच सवालावर उजवल्यात. आमच्यात रीतच हाय ही. सोयरीक जमवायची म्हणलं की मोठी माणसं उघड येऊन चहापाणी करून जातेत, गोड बोलून जातेत, आन मंग त्यांच्यातलंच एखादं बिनओळखीचं माणूस गुपचूप येतंय — पोरीचं वळण कसं हाय, आयची जीभ कशी हाय, घरात कोण येडं बागडं हाय का बघाया. ह्या मंगलच्या पोरीच्या वक्ताला एक जण एडका इकत घेतो म्हणून आलता. एडक्याला हात लावंना, दात बघंना, शिंगाकडं तर बघून मागंच सरकला, आन इचारतोय काय, तर पोरगी भाकरी कशी थापती. मंगलनं लगेच वळखलं, भाकरी करून खायला घातली, जमली सोयरीक. तुमी एडक्याच्या जागी कंपनी आणली एवढंच. बरं सुचलं पर. शिकलेलं माणूस ते शिकलेलंच.

मान हलवू नका. मी तुमाला बोल लावत न्हाई. लावला पाहिजे खरं तर, पर न्हाई लावत. अर्जुनरावाचं मी समजू शकते. दसरा झाला की सुपारी फोडू म्हणले होते, आन दसरा होतोय न होतोय तवर हे सगळं टीव्हीवर आलं, तवापासून त्यांचा फोन न्हाई. मी लावला तर पोरगं रानात गेलंय म्हणतेत. पुण्यात कामाला असलेलं पोरगं कोणच्या रानात जातंय? म्हणलं, जाऊ दे, इचार करायलेत. माणसानं इचार करावा. पोरगी विमानात काम करती हेच त्यांनी लई मोठ्या मनानं गिळलं होतं, आन त्यात ती म्हणायली मी आभाळात काय बघितलं. कुणाला बी शक येणारच की. मला आला असता. मला तर सगळ्याचाच येतो. म्हणून तुमी आलाव हे बरंच झालं. इचारा काय इचारायचं ते. मघाशी मी जरा तुसड्यावानी बोलले, ते च्यानलवाल्यासाठी होतं, तुमच्यासाठी न्हाई.

फिट कुणाला येत न्हाई. माझ्याकडं न्हाई, धुळाजीकडं न्हाई — धुळाजी म्हणजे आमचे मालक, ते मेंढरं घेऊन गेलेत, एकाच्या रानात बसवलेत खतासाठी, नायतर भेटले असते. येडं कुणी न्हाई. एक चुलतसासरे होते ते जरा सोताशीच बोलायचे, पर ते मेंढरामागं सारा जन्म एकटे राह्यले, बोलणार कुणाशी? डोळे म्हणाल तर पोरीला चष्मा न्हाई. कंपनीतच तपासून घेतेत त्यांना वरसाच्या वरसाला. गोळी म्हणाल तर डोकं दुखलं तरी घेत न्हाई. झोप चांगली. पडली की झोपती, ऊठ म्हणलं की उठती.

दारू? — आवो! काय इचारता तुमी! — न्हाई, इचारा, इचारा, विमानातल्या पोरीचं ऐकून लोकाच्या मनात येतंच ते. आपल्या देशातल्या देशात जाणाऱ्या विमानात दारू देतच न्हाईत मुळी, हे म्हाईत हाय का तुमच्या लोकांना? मला बी न्हवतं म्हाईत. मीच तिला पयल्यांदा इचारलं होतं, भीत भीत. ती लई हसली. म्हणली, आय, मी पाणी देते, सँडविच देते, म्हाताऱ्या माणसाचा पट्टा लावून देते, आन कुणी रडत असलं तर जवळ बसते. वास तरी कशाचा येणार? आन कामाला चढायच्या आधी नळीत फुंकाया लावतेत त्यांना, त्या पायलटाला बी. त्या दिवशी बी फुंकली असंल की. ते कागद असतील त्यांच्याकडं — म्हणजे कंपनीकडं. तुमच्याकडं न्हाई म्हणत मी.

त्या दिवसाचं सांगू? सांगते. तुमच्या कानावर तिखटमीठ लावून गेलं असंल. नागपूरहून पुण्याला निघालतं विमान. तिसरा पहर टळलेला, ऊन होतं अजून. आपल्या जिल्ह्याच्या वर आलं. ते जे मोठे पायलट असतेत, कॅप्टन, ते लघवीला भाईर आले. आन त्यांच्यात नियम हाय, पायलटच्या खोलीत एकटं कुणाला सोडायचं न्हाई, एक जण भाईर आला की ह्या पोरीतली एक आत जाऊन बसती. म्हणून उज्ज्वला आत गेली. ती आन तो दुसरा, धाकला पायलट. आन तिला डाव्या हाताला दिसलं. पांढरं, लांबट, तांदळाच्या दाण्यावानी. पंख न्हाईत. शेपूट न्हाई. धूर न्हाई. यांच्या बराबरीनं चाललं म्हणं, जवळ न्हाई आन लांब न्हाई. तिला वाटलं दुसरं विमान असंल, म्हणून तिनं त्या पोराला म्हणलं, सर ते बघा. त्यानं बघितलं. त्याचं तोंड उतरलं. त्यानं रेडिओवर खाली इचारलं, आमच्याजवळ कोण हाय? खालचे म्हणले, कुणीच न्हाई. एवढ्यात ते हललं न्हाई डुललं न्हाई, सरळ वर गेलं. कॅप्टन आत आले तवा आभाळ मोकळं.

पुण्याला उतरल्यावर दोघांनी बी कागदावर लिवून दिलं. आन मंग दोन दिवसांनी त्या धाकल्या पायलटानं आपलं परत घेतलं. काचेवर उजेड पडला असंल म्हणला. कॅप्टन म्हणले, मी तर काय बघितलं न्हाई. ऱ्हायली कोण? आमची. तिला म्हणले, तू बी लिव, उजेड होता. एवढं लिव आन उद्यापासून कामाला ये. न्हाई लिवलं. मंग तिला घरी बसवली, तुझी तपासणी करू म्हणले, तब्येतीची, मनाची, सगळ्याची. आन त्यातच ते कुणी तरी फोडलं आन टीव्हीला गेलं.

मी? मी काय म्हणणार. तिला उजेड लिव म्हणले त्याच दिवशी तिनं मला फोन केलता. मी म्हणलं, उज्जे, गप ऱ्हा. मोठी माणसं उजेड म्हणतेत तर उजेड म्हण. दिलं लिवून तर तुझ्या बापाचं काय जातंय? तर म्हणती, आय, उजेड असता तर मी उजेड म्हणले असते. मी तबकडी कुठं म्हणले? मी म्हणले, काय होतं ते मला म्हाईत न्हाई, पर होतं. एवढंच. तिच्या बापाला सांगितलं तर ते काय म्हणले — दिसलं असंल, आपल्याला काय सगळंच वळखू येतं का. झालं. बापलेक एकासारखी एक. मी दोघाला बी शिव्या दिल्या.

न्हाई पर तुमी असं समजू नका की पोरगी हट्टी हाय. हे चुकून निघालं तोंडातून. घरात लई गरीब हाय ती. वडलाच्या शब्दाभाईर न्हाई. सासरी बी कुणाच्या शब्दाभाईर न्हाई जाणार. ते कागदाचं वेगळं हाय, ते कामाचं हाय.

काय? त्या दिवशी ती जेवली होती का?

आता आलं ध्यानात. हा सवाल अर्जुनरावाचा बी न्हाई, हा त्यांच्या मालकिणीचा हाय. बराबर का न्हाई? बघाया आले तवाच बाईनं इचारलं होतं, पोरगी नवरात्र धरती का म्हणून. त्यांच्या घरात घट असतोय, बाई सोता नऊ दिवस अनवाणी, नऊ दिवस फराळाला बी शिवत न्हाई. आन आमच्या ह्या येडीनं सगळ्याच्या देखत काय सांगावं? 'ड्युटी असली की न्हाई धरत, उपाशीपोटी चालत न्हाई आमाला.' त्या बाईचं तोंड मी बघितलं होतं. तवाच मला वाटलं, हे तोंड मागं काय तरी पाठवणार. तर सांगा त्यांना. नीट सांगा. ती तसं लाजून बोलली. पोरीच्या जातीनं आपल्या भक्तीचं चारचौघात सांगायचं असतंय व्हय? धरती की नवरात्र! समदं धरती. नुसता पयला आन शेवटचा, उठता-बसता न्हाई, समदे नऊ दिवस. आन ते विमानाचं झालं ते नेमकं सातव्या माळेला. सातव्या माळेला आमच्यात लई कडक असतंय. निरंकार. पाण्याचा थेंब सुदिक न्हाई. दिवसभर उभी ऱ्हाऊन दुसऱ्याला पाणी वाटायली आन सोताचं तोंड कोरडं — आता ह्याच्याहून भक्ती ती काय सांगू?

लिवायलाव? लिवा लिवा. तो फोन बी ठिवलाय न्हवं चालू? ऱ्हाऊ द्या चालू. त्या बाईला माझ्याच आवाजात ऐकवा, म्हणजे मधी कुणी तिखटमीठ लावाया नको.

आन म्हणूनच तर म्हणते, त्या दिसण्याचं मनावर घेऊ नका. उपाशी पोरगी, सहा दिवसाची उपाशी, सातव्या दिवशी पाणी न्हाई, वर आभाळात त्या बंद पेटाऱ्यात उभी — डोळ्यापुढं काजवे चमकणार न्हाईत तर काय व्हईल? मला खाली जमिनीवर चमकतेत. आली चक्कर, दिसलं पांढरं पांढरं. ते येड न्हाई, आन भाईरचं बी काय न्हाई, उपास हाय तो. दसऱ्याला पारणं फेडलं, संपलं. आता दिसतंय का काय? न्हाई. काय बी दिसत न्हाई. — हां, चक्कर येती तिला उपासात. बारीक हाय न्हवं अंगानं. पर कुणाला सांगत न्हाई, काम करत ऱ्हाती. कंपनीला बी सांगितलं नसंल. सांगितलं तर उपास मोडाया लावतील म्हणून. केवढं मन घट्ट लागतंय ह्याला, तुमीच सांगा.

आन नोकरीचं म्हणाल तर — हे बी कळवा — नोकरी सोडंल ती. लग्नाला नोकरीची आडकाठी आमची न्हाई. ती काय म्हणती त्याच्याकडं ध्यान देऊ नका, ती म्हणंल मी सोडणार न्हाई. सोडंल. आवो, मला इचाराल तर मला बरंच वाटलं, त्यांनी तिला घरी बसवलं तवा. पेटी घेऊन जीपमधून उतरली, डोळे सुजलेले, चार दिवस कुणाशी बोलली न्हाई, वर बघून बसायची. आन मी? मी त्या राती अशी झोपले पावणं, अशी झोपले, की ती कामाला लागल्यापासून तशी झोपले न्हवते. आय हाय का कोण हाय मी. पोरीचा जीव जायलाय आन माझ्या जिवाला थंडाई. वर गेलेलं लेकरू खाली येईस्तोवर मला घास उतरत न्हाई ओ, त्यात काय करू. देवीला मीच म्हणलं होतं, कसं बी कर पर हिला जमिनीवर आण. — हे नका लिवू. हे तुमच्या बाईच्या कामाचं न्हाई.

जीप वाजली का? थांबा. आलीच बगा उज्ज्वला. केजला गेलती, डाक्टरचा कागद आणाया. — हां, म्हाईत होतं मला, मघाशी तुमी कोण ते म्हाईत न्हवतं म्हणून न्हाई सांगितलं. कंपनीनंच मागितलाय कागद, तब्येत धडधाकट हाय म्हणून. ये गं. ये. पावणं आलेत. ओढणी नीट घे. पिशवी ठेव आन पाया पड. — अशी कावून थांबली? — काय म्हणली? सर? सर कावून म्हणती गं ह्यांला?

'सोमवारी येणार होता ना सर.'

न्हाई, एक मिनिट. एक मिनिट थांबा. उज्जे, तू ह्यांला वळखती? कुठून? — तुझी चौकशी करायलेत ते हेच? — आवो, तुमी अर्जुनरावाचे कोण? कोणच न्हाई? कोणच न्हाई म्हणजे? मंग आजोळ? — हां. आजोळ असतंय की माणसाला. कुणाचं कुठं बी असतंय. — सांगितलं होतं तुमी. हां, सांगितलं होतं. आल्या आल्याच सांगितलं होतं. कार्ड बी काढलं होतं.

ते खोडा. साहेब, ते उपासाचं खोडा. आन फोनमधलं पुसा. पुसता येतंय, मंगलचं पोरगं पुसतंय, मी बघितलंय. ते मी तुमाला न्हाई सांगितलं, ते दुसऱ्याला सांगितलं. तिनं कसला उपास धरलाय! ती उपासच धरत न्हाई साहेब, लहानपणापासून न्हाई, आषाढीला बी गुपचूप शेंगदाणे खाऊन मार खायची माझ्या हातचा. निरंकार बिरंकार मी माझ्या मनानं लावलं. चक्कर? चक्कर कुणी सांगितली? कुणीच न्हाई. माझ्या ह्या तोंडानं. तिला कवा चक्कर आली न्हाई. उन्हातान्हात मेंढरामागं वाढलेली पोरगी हाय ती, तिला तुमच्या थंडगार विमानात चक्कर येती व्हय? आन नजर म्हणाल तर दुसऱ्याच्या कळपातली मेंढी आमच्यात मिसळली तर बापाच्या आधी तिला दिसायची. धुळाजीला इचारा. म्हणजे — ते बी घरचंच माणूस, बरोबर हाय. दुसऱ्या कुणाला बी इचारा. मंगलला इचारा. न्हाई, मंगलला नका इचारू.

असं कावून बघायलाव माझ्याकडं? मघाशी खोटं बोलत होते तवा तर मान हलवून हलवून लिवत होता. आता खरं बोलायले तर पेन थांबलं. लिवा की. हे बी लिवा. — दोन्ही लिहून घेतो म्हणता? दोन्ही कसं? दोन्ही लिवल्यावर वाचणारा कोणचं खरं धरणार? मला म्हाईत हाय कोणचं धरणार. मी असते तर मी बी तेच धरलं असतं. आधी सांगितलं ते खरं आन पोरगी आल्यावर फिरवलं ते खोटं, असंच धरणार. त्या काचेवरच्या उजेडाला माझा उपास लई बरा जोडून मिळाला तुमाला.

हा बगा, हा डाक्टरचा कागद, दाखव गं, रक्त बराबर, बीपी बराबर — आजचं हाय म्हणता. त्या दिवसाचं न्हाई. हां. त्या दिवसाचं कुठून आणणार.

मंग तिलाच इचारा. ती हितं उभी हाय न्हवं? तिला इचारा माझ्यासमोर. ती खोटं बोलत न्हाई साहेब, खोटं बोलता आलं असतं तर आज ती हितं नसती, वर असती. — इचारलं बघ गं साहेबानं. उपास होता का, चक्कर आली होती का, इचारायलेत. सांग न्हाई म्हणून. — काय झालं? — सांग की. अशी माझ्याकडं कावून बघती? कॅप्टनच्या तोंडावर बोलली तू. त्या सगळ्या मोठ्या साहेबांच्या पुढं, टेबलाच्या ह्या बाजूला एकटी बसून बोलली, मला सांगितलंय तू. तवा तोंड होतं, आन आता कुठं गेलं? — आयला परक्या माणसापुढं खोटी कशी पाडू, म्हणून व्हय? पाड. मी सांगते पाड. मला काय होतंय? माझं फाटकं लुगडं बघितलंय समद्यांनी, आता ऱ्हायलं काय. न्हाई जमली सोयरीक तर न्हाई जमली. अर्जुनराव गेले खड्ड्यात.

साहेब, उठू नका. जरा दम धरा. बोलंल ती. — उज्जे, रडू नको. रडलीस तर त्यांला वाटंल खरंच होता उपास. माझ्याकडं नको बघू, साहेबाकडं बघ. आन म्हण. माझी आय खोटं बोलली. एवढंच म्हण. — म्हण की गं.